भिंतीतला फाटा

प्लंबर वीरेशनं हातोडीनं पाइपला हलकंच ठोकलं आणि गंजाचा पापुद्रा त्याच्या हातातच आला.

"यशपालभाऊ, ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाय. सगळंच बदलावं लागंल."

"सगळं म्हंजे?"

"न्हाणीघरातलं, सैपाकघरातलं, भिंतीतलं. लोखंड आतनं पार सडलंय."

यशपालनं मनातल्या मनात हिशेब मांडला. न्हाणीघराची फरशी तेवढी बदलायची, असं ठरलं होतं. फरशी निघाली तसे पाइप दिसले, पाइप दिसले तसा खर्च दिसला. अठरा हजारांचं काम बघता बघता चाळीसच्या पुढं गेलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या पगारावर जुनं घर सुधारायला निघालेल्या माणसाची जी गत होते, तीच त्याची झाली होती.

त्यात दिवस थोडे. बायको बुद्धप्रिया करकंबला माहेरी बाळंत झाली होती आणि रविवारी तान्ह्या लेकीला घेऊन घरी यायची होती. सोबत सासू-सासरेही येणार. सासरे मोठे चौकस. लग्न ठरवताना त्यांनी पगाराच्या आधी विचारलं होतं, घरात नळ आहे ना? यशपालची आई मीनाबाई या सगळ्यांना आणायला आधीच तिकडं गेली होती.

भवानी पेठेतल्या त्यांच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि ते नेमकं रविवारीच येणार होतं. त्या सकाळी नळ चालू झाला नाही, तर तान्ह्या बाळाला घेऊन पुढचे पाच दिवस कोरड्या घरात काढायचे. या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

"आणि हे बघितलं का?" वीरेशनं सामाईक भिंतीकडं बोट दाखवलं. "हितनं एक फाटा पलीकडं गेलाय. काशम्मांच्या घरात."

यशपाल बघतच राहिला. पलीकडं काशम्मा एकटीच राहायची. तिचा हौद कायम काठोकाठ आणि यांच्या नळाला करंगळीएवढी धार. असं का, हे त्याला लहानपणापासून कळलं नव्हतं. आता कळलं आणि त्याचं डोकं फिरलं. आणि आई? पाणी आलं की ती आधी काशम्माच्या दारात जाऊन दोन शब्द बोलायची, मगच आपला नळ सोडायची. भोळी ती भोळीच!

त्यानं लगेच करकंबला फोन लावला.

"आई, काशम्मानं आपल्या पाइपातनं चोरून फाटा घेतलाय. तोडून टाकतो."



"त्येला हात लावू नगंस," मीनाबाई हळूच म्हणाली.

"का?"

"आल्यावर सांगते. हितं सगळे सोयरे बसल्यात."

"म्हंजे तुला ठावं होतं व्हय?"

"आल्यावर म्हणलं न्हवं." फोन बंद झाला.

आईचा स्वभाव भिडस्त, हे काही नवीन नव्हतं. पण तिच्या भिडेनं बाळाची बादली भरणार नव्हती.

ठोकाठोकी ऐकून काशम्माही दारात आली. विड्या वळता वळताच उठली असावी, पदराला तंबाखू चिकटली होती.

"यशपाल, मीनाला येऊ दे की. मग काय तोडायचं ते तोड."

"का, मावशी? तुमची कसली अडचण हाय?"

ती काहीतरी बोलणार होती. पण वीरेशकडं बघून गप्प झाली आणि निघून गेली. यशपालची उरलीसुरली शंकाही फिटली.

"तोड," तो म्हणाला. "आणि बूच पक्कं बसव."

फाटा तुटला, तोंड बंद झालं. मग वीरेशनं विचारलं, "उंबऱ्याखाली जुना तुकडा दिसतोय. रस्त्यापतुर उकरून बघू का? नळाची जोडणी कशी हाय, ते कळंल."

"किती वाढतील?"

काँक्रीट फोडून परत करायचा आकडा ऐकून यशपालनं सरळ हातच जोडले. "ऱ्हाऊ दे बाबा. त्या तुकड्यालाच जोड."

रविवारी सकाळी गल्लीत पाणी आलं, घराघरांतल्या पाणी ओढायच्या मोटारी घरघरायला लागल्या. यशपालनं नवाकोरा नळ सोडला. फुस्स करून हवा निघाली आणि नळ गप्प झाला. वीरेशनं एकेक सांधा चाचपला. कुठं गळती नव्हती, कारण कुठं पाणीच नव्हतं. तेवढ्यात मीनाबाईचा फोन आला, सगळे स्टँडवर उतरलेत, रिक्षा बघतायत. यशपालनं फोन खिशात टाकला.

त्यानं वर बघितलं तर दारात काशम्मा, कमरेवर घागर. आली पाणी मागायला! त्याही घाईत त्याला बरं वाटलं. आमच्याकडंच नाही तर तुला कुठलं देऊ, असं ठणकावून सांगायला त्यानं तोंड उघडलं.

काशम्मानं घागर उंबऱ्यावर टेकवली. काठोकाठ भरलेलं पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर आलं.

"हे बाळाच्या आंगुळीला ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि सोयरे यायच्या आत वीरेशला सांगून माझा फाटा परत जोडून घे. तुमच्या घराला सोताचा नळ कदी नव्हताच."