तिसरी पायरी

गुरुवारी सकाळी पुन्हा तिसरीच पायरी हिरवी झाली होती.

रूपरावने धोतर वर खोचलं, पाण्यात उतरला आणि काथ्याचा ब्रश घेऊन पायरीवर तुटून पडला. वर्ध्याच्या त्या शाळेत पोहण्याचा हौद बांधून चार वर्षं झाली होती आणि पहिल्या दिवसापासून तो राखायचं काम त्याच्याकडे होतं. पाणी असं, की तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात. ब्लीचिंग पावडर मापात पडायची, काठावर झाडाचं पान म्हणून दिसायचं नाही. सगळा हौद लख्ख, आणि उथळ बाजूची ही एवढी एक पायरी मात्र रोज घासूनही दर गुरुवारी सांध्यांतून हिरवं डोकं वर काढायची. निघालेला गाळ बोटांना खरखरीत लागे. त्याने तो बादलीत भरला आणि नेहमीप्रमाणे मागच्या नालीत ओतून आला.

"पायरी घासता घासता एक दिवस पायरीच नाई उरनार," काठावरून त्याची बायको जयवंता म्हणाली. "मंग घासाले काय राहीन?"

रूपराव हसला नाही. आठ महिन्यांपासून त्याचं हसूच आटलं होतं.

माघातल्या गणेशजयंतीला तो पहाटेच केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेला होता, पायऱ्या न घासता. एका दिवसानं काय बिघडतं, असं म्हणून. त्याच सकाळी हरिभाऊ मास्तर नेहमीप्रमाणे एकटेच हौदात उतरले. अर्ध्या शाळेला पोहायला शिकवलेला माणूस. तिसऱ्या पायरीवर पाय घसरला, डोकं काठावर आपटलं आणि हातभर पाण्यात जीव गेला. रूपराव दुपारी परतला तेव्हा त्यांना घरी नेलं होतं, शाळा रडत होती. यानं आधी पायरी घासली, मग रडला. कुणी काही विचारायच्या आत घासली. लोक म्हणाले, नशीब. रूपरावही म्हणाला, नशीब.

पण चोराच्या मनात चांदणं. घासणं हेच त्यानं प्रायश्चित्त धरलं होतं, आणि नेमकी तीच पायरी दर आठवड्याला हिरवी होऊन त्याच्याकडे बघत होती.

हेडमास्तर बापूरावांना यातलं काय ठाऊक? त्यांना पोहण्याच्या शर्यतींची चिंता. "जिल्ह्यातून पाहुणे येणार, रूपराव. पुढच्या गुरुवारी हिरवं दिसलं, तर मी दुसरा माणूस बघतो."

पोटाची भीती नव्हती. अल्लीपूरला भावाची शेती होती, दोन घास तिथंही मिळाले असते. पण हौद सुटला तर प्रायश्चित्त सुटलं, आणि मग हे मन घेऊन जायचं कुठं?

त्यानं विनवल्यावर विज्ञान शिकवणाऱ्या अच्युत मास्तरांनी बाटलीत हौदाचं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले, उजेडात धरलं. "पावडर बरोबर आहे. तुमची कसूर नाही. पण शेवाळाला तिथं खत मिळतंय."

"हौदात कुठलं आलं जी खत?"

"तेच बघायचं. सोमवारी हौद बंद असतो, तुम्ही बाजाराला जाता. तेव्हा कुणी काही टाकतं का, बघा."

सोमवारी रूपराव पिशवी घेऊन साऱ्यांदेखत बाजाराला निघाला आणि मागच्या वाटेनं येऊन पंपाच्या खोलीत बसला. सापडला की त्याची गचांडी धरायची आणि थेट बापूरावांपुढं उभं करायचं, एवढं त्यानं पक्कं केलं होतं.

भर दुपारी फाटक वाजलं. आल्या त्या प्रमोदिनीबाई, हरिभाऊ मास्तरांच्या पत्नी.

बाई काठावर बसल्या, हातातली कापडी पिशवी शेजारी ठेवली आणि वाकून तिसऱ्या पायरीला हात लावला. बराच वेळ तशाच राहिल्या. नवरा गेला ती जागा बघायला येत होत्या बिचाऱ्या. शेवाळ, शर्यती, नोकरी सगळं विसरून रूपराव बाहेर आला.

"बाई, मले तुमाले काई सांगाचं हाय."

"सांगा."

"त्या दिवशी म्या पायरी घासली नोती. केळझरले गेलतो. मास्तर माह्यापाई गेले."

बाईंनी मान वळवली नाही. "मला माहीत आहे, रूपराव."

"तुमाले मालूम हाय?"

"त्यांच्या टाचेला शेवाळ होतं. मीच धुतलं."

रूपराव त्यांच्यापासून हातभर अंतरावर काठावर बसला.

"आधी फार राग आला तुमचा," बाई म्हणाल्या. "वाटलं, सांगावं सगळ्यांना. मग हौदासमोरच्या माझ्या घराच्या खिडकीतून रोज बघत आले, तुम्ही ही पायरी कशी घासता ते. माणूस देवघरही एवढं राखत नाही. हळूहळू राग गेला."

आठ महिन्यांचं रडू त्याला एकदम फुटलं. बाईंनी त्याला रडू दिलं.

"मंग मी राहू काय हौदावर?" शेवटी त्यानं विचारलं.

"राहा. तुम्ही आहात म्हणूनच तर मी निर्धास्त आहे."

त्यांनी पिशवीतून पितळी डबी काढली, उघडली. तळाशी चमचाभर रक्षा होती.

"पवनारला सगळ्यांसमोर नदीत सोडली, ती अर्धीच. बाकीची मी ठेवून घेतली होती. दर सोमवारी थोडी थोडी इथं आणली. आज ही शेवटची." त्यांनी डबी पाण्याखाली नेऊन पायरीवर अलगद रिकामी केली आणि ओल्या हातानं पदर सारखा केला.

"नदीनं त्यांना वाहून नेलं असतं, रूपराव. इथून कुठं जाणार ते?"