नववी पट्टी

काठी सपकन हातमोज्यावर बसली आणि टॅनरी हिलचा पोरगा गुडघ्यावर आला. दुसरी बरगडीत बसली. बॉल सुटला, पाहुण्यांनी तो उचलला आणि थेट जाळ्यात घातला. नऊ-सात.

"हातावर काय मारतोस, कसाया!" वेंडेल बाकावर उभा राहून ओरडला. "बॉलवर मार की!"

आजूबाजूचे चार लोक हसले. हसणारच. वेंडेलच्या जॅकेटवर ठसठशीत 'होल्ब्रुक' लिहिलेलं होतं, आणि पाच आठवड्यांपूर्वी याच होल्ब्रुकने टॅनरी हिलला चोपलं होतं.

टॅनरी हिलचं त्याला काडीचं प्रेम नव्हतं. पण कॉलेजच्या लॅक्रॉसमध्ये, म्हणजे या जाळीच्या काठ्यांच्या खेळात, क्रमवारी नुसत्या विजयांवर लागत नाही. किती जिंकलात हे शेंबडं पोरही मोजेल. समिती विचारते, कुणाला हरवलंत? आणि तो हरलेला पुढे कसा खेळला, तेही बघते. तो पहिल्या विसात राहिला तर तुमच्या विजयाचं सोनं, घसरला तर माती. होल्ब्रुकच्या गाठीला असा विजय एकच होता. तेव्हा टॅनरी हिल सहाव्या नंबरावर होती. त्यानंतर ती हरतच सुटली. आता विसावी. आज हरली की विसाच्या बाहेर, आणि संध्याकाळी लागणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या यादीतून होल्ब्रुकही बाहेर. वेंडेलचं हे शेवटचं वर्ष होतं. चार वर्षं हाडं झिजवून त्याला ती स्पर्धा एकदाही खेळायला मिळाली नव्हती.

"बस रे पोरा, घसा फाटेल," शेजारचा म्हातारा म्हणाला. त्याने कागदात गुंडाळलेली मक्याची भाकरी मोडून अर्धी पुढे केली. मग त्याची नजर वेंडेलच्या मांडीवरच्या लांब काठीवर गेली. दांड्याला लाल चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. "हिला एवढं नटवलंय कशाला? लग्न आहे का हिचं?"

"आमच्या कोचची पद्धत आहे, आजोबा. समोरच्याला धड आडवा केला की एक पट्टी. कोच स्वतः गुंडाळून देतात."

"नऊ दिसतायत."

"नऊच," वेंडेल म्हणाला. त्याला त्या पट्ट्यांचा अभिमान होता, तो लपवायची गरज वाटली नाही.

"आमच्या आदिवासी वस्तीत कुणी आजारी पडला की त्याला बरं वाटावं म्हणून हाच खेळ मांडतात," म्हातारा भाकरी चावत म्हणाला. "कोण जिंकलं, ते कुणी विचारतसुद्धा नाही. तुमची तऱ्हा वेगळी."

मैदानात पुन्हा जुंपली. प्रत्येक गोलनंतर होतात तसे मधल्या रेषेवर दोघे बॉलवर ओणवे झाले. शिट्टी होताच पाहुण्यांच्या धटिंगणाने टॅनरी हिलच्या पोराला खांद्याने असा उडवला की त्याचं हेल्मेट निघून गडगडत गेलं. पोरगा उठला तो रक्त थुंकतच. बॉल पुन्हा पाहुण्यांकडे. दहा-सात. मॅच सुरू झाल्यापासून मधल्या रेषेवरचा जेमतेम एखादा बॉल टॅनरी हिलला मिळाला होता. आणि बॉलच मिळेना तर गोल काय डोंबलाचे करणार?

"यांचा तो जेमिसन कुठे मेला?" वेंडेल चरफडला. "तो असता तर निम्मे बॉल तरी मिळाले असते. बातमीत नुसतं 'खेळणार नाही' म्हणून येतं."

"मेला नाही. तो काय, बसलाय खाली." म्हाताऱ्याने बोट दाखवलं. राखीव खेळाडूंच्या बाकावर एक पोरगा कोपरापर्यंत प्लॅस्टर घालून बसला होता. "नातू माझा. मनगटाचे तीन तुकडे झालेत. काठी मारणाऱ्याने हात बघूनच मारली होती. तसाच शेवटपर्यंत खेळला येडा, कुणाला बोलला नाही."

"कुठल्या मॅचमध्ये?"

"तुमच्या."

वेंडेलने हातातली भाकरी खाली ठेवली. त्याला तो वार आठवला. मॅचच्या आधी कोच त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "जेमिसनचे हात. पहिल्या पाच मिनिटांत." त्याने चौथ्याच मिनिटाला काम केलं होतं. पोरगा आडवा पडला होता आणि लगेच उठलाही होता. उठला म्हणजे काही झालं नसणार, असं वेंडेलने ठरवून टाकलं होतं.

"जॅकेट वाचलं होतंत ना तुम्ही? मग मला भाकरी कशाला दिलीत?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"होल्ब्रुकचं पोर आमच्यासाठी घसा फोडत होतं. म्हटलं, लाज वाटली असेल याला," म्हातारा म्हणाला. वेंडेलने काठीवरच्या पट्ट्या हाताने झाकल्या. म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं, मग उरलेली भाकरी कागदात बांधली आणि नातवाकडे जायला पायऱ्या उतरू लागला.

शेवटच्या दहा मिनिटांत टॅनरी हिलचे आणखी दोघे लंगडत बाहेर गेले. चौदा-आठ. शिट्टी झाली. वेंडेलच्या खिशातला फोन वाजला.

"मेलो आपण," कोच मॅकरॉरी फोनवर गरजले. "गेली टॅनरी हिल विसाच्या बाहेर. तिच्यासकट आपणही गेलो. तो जेमिसन पाच आठवडे खेळला असता ना, तर आज आपण यादीत असतो. मनगट मोडलंय म्हणतात त्याचं. तू तिथेच आहेस ना? कुठल्या हलकटाने मोडलं, काही कळलं?"

वेंडेलने मांडीवरची काठी फिरवून बघितली.

"नववी पट्टी, कोच," तो म्हणाला. "त्या मॅचनंतर परतीच्या बसमध्ये तुम्हीच गुंडाळली होतीत."