तिघांचं एकच तिकीट

श्रद्धाला दिल्लीच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिला पोहोचवायला आईवडिलांनी नांदेडहून विमानानं जायचं ठरलं. विमानाचं नाव निघालं तरी तिच्या आईच्या, राजश्रीच्या, तळहातांना घाम फुटायचा. वडील अंबरीश सर लातूरला कोचिंग क्लासमध्ये शिकवत. तास बुडू नयेत म्हणून त्यांनी तिकीट एजंट गुलाम रसूलच्या ऑफिसात बसून स्वतःचं तिकीट दोन दिवसांनंतरचं मागितलं.

“नाही,” राजश्री मध्येच बोलली. “तिघांचं एकत्रच काढा, गुलामभाई. एका तिकिटावर सगळ्यांच्या सामानाचं वजन मिळून धरतात ना? पोरीच्या बॅगा लई जड हायत. सर मागून आले तर जास्तीच्या वजनाचे पैसे पडतील.”

“किती पडतील भाभी? भरून टाका की,” गुलाम रसूल हसला.

“बघा! एवढ्यासाठी माझे तास बुडवून राहिली ही,” सर म्हणाले. “इतकी चिकट बाई जिल्ह्यात सापडायची न्हाई.”

दोघंही हसले. राजश्रीनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. तिचा चेहरा पाहून सरांनी मान डोलावली आणि तिघांचं तिकीट निघालं.

दोघं ऑफिसचा जिना उतरू लागले.

“अगं, विमानाची एवढी धास्ती हाय, तर घरातलं एक माणूस मागं राहिलेलं बरंच की,” सर थट्टेनं म्हणाले.



“किल्लारीच्या भूकंपात आमच्या घरातली मी एकटीच मागं राहिले,” ती म्हणाली. “तुमच्यावर ती पाळी यायला नको.”