उरलेली अर्धी रक्कम

"कमी घे, पण एकदम घे, बेटा," भय्यासाहेब म्हणाले होते. "काहून दोन तुकडे करून राहिली?"

विनता हसली होती. भय्यासाहेब घमापुर इलेव्हन या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी, पण कागद दिसला की ते चष्मा शोधायला जात आणि परत येत नसत. क्लबचा सगळा पत्रव्यवहार बी.कॉम. झालेल्या विनताकडे होता. आणि या वेळी विकला जाणारा खेळाडू तिचाच नवरा होता.

म्हापशाचा एक क्लब अनुपमचे चार लाख एकरकमी द्यायला तयार होता. तिनं आठवडाभर फोनवर घासाघीस केली आणि आठ करून घेतले. चार आत्ता, चार एप्रिलमध्ये, मोसम संपल्यावर. अट एकच. खेळाडू शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे हजर पाहिजे. मध्येच निघून गेला, तर उरलेले चार नाहीत. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. अनुपम मध्येच कुठं जाणार होता? चार लाखांत मैदानाचं थकलेलं भाडं फिटत होतं. आठ मिळाले तर पुढच्या दहा वर्षांचा करार होत होता.

अनुपमला जायचं नव्हतं. चिन्मयी दोन महिन्यांची होती.

"आठ महिने तर जायचं आहे," विनता म्हणाली. "पोरांना मैदान राहील."

"बायकोनंच विकला, असं सांगतो तिथं," तो हसत म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून विनताच्या दिवसात एकच मोठं माणूस होतं, संध्याकाळी सात वाजता फोनच्या पडद्यावर येणारं. बाकीचा वेळ ती आणि चिन्मयी. बाळ झोपलं की ती त्याचा श्वास मोजायची. जागं झालं की का जागं झालं म्हणून काळजी करायची. पावणेसातला केस विंचरायची. पलीकडं वसतिगृहात कलकल चाललेली असायची. अनुपमच्या खांद्यामागून त्याचा खोलीतला जोडीदार डोकं काढायचा, इकडच्याच शहपुऱ्याचा विपुल. "भाभी, नमस्ते! भैया ने आज खुला गोल छोड़ दिया!" अनुपम त्याला उशी मारायचा. फोन ठेवल्यावर ती कलकल थोडा वेळ घरात उरायची.

दिवाळीनंतर ती कलकल कमी झाली. विपुल दिसेनासा झाला. "आंघोळीला गेलाय," अनुपम सांगायचा. "जेवायला गेलाय." कधी तो मागं वळून ओरडायचा, "विपुल, आवाज कमी कर रे, घरी बोलतोय!" विनताला कुठलाच आवाज ऐकू यायचा नाही. फोन जुना झाला, असं तिनं ठरवून टाकलं.

जानेवारीतल्या एका सकाळी ती चिन्मयीला शालीत गुंडाळून घमापुरच्या बाजारात गेली. टेम्पोतून मटारची पोती उतरत होती. पोतं खांद्यावर घेतलेला एक तरुण तिच्याकडे बघून थबकला.

"भाभी?"

विपुल होता. ती बघतच राहिली.

"तू इथं कधी आलास?"

"दिवाली के बाद ही आ गया, भाभी. मालिक ने टीम बंद कर दी. मेस बंद, कोच भी गए." त्यानं पोतं खाली ठेवलं. "वो चाहता था सब ख़ुद ही निकल जाएँ, फिर किसी को कुछ देना न पड़े. हम सब निकल आए. भैया नहीं निकले. बोले, मैं अप्रैल तक यहाँ से हिलूँगा नहीं." मग त्याचा चेहरा उतरला. "आपको नहीं बताया?"

"सांगितलं ना," विनता म्हणाली. तिनं एक किलो मटार घेतले. विपुल पैसे नको म्हणत होता, तरी तिनं दिले.

त्या संध्याकाळी सातला फोन आला. अनुपमनं दाढी केली होती. गाल आत गेले होते. चिन्मयीला बघायला तो पडद्याजवळ सरकला. मग मान वळवून म्हणाला, "विपुल, हळू रे बाबा. बाळ घाबरेल."

परत ये, हे शब्द विनताच्या ओठांवर होते.

"मैदानावर पोरं येतात ना?" त्यानं विचारलं. तो रोजच विचारायचा.

"येतात. आज तर पन्नासच्या वर होती."

"बस्स," तो म्हणाला, आणि इतका मोकळा हसला की तिनं ते शब्द गिळले. ती अट कुणी मान्य केली, ते तिला आठवू नये म्हणून हा माणूस दोन महिने रिकाम्या खोलीशी बोलत होता.

"विपुलला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली.

"सांगतो," अनुपम म्हणाला.

चिन्मयीच्या छातीत कफ आहे. थंडी जाईपर्यंत तिला प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. एप्रिल अजून लांब आहे. तुमच्यापैकी कुणी म्हापशाला जाणार असेल, तर तिथल्या बाजारामागच्या उतारावर एक पिवळी दुमजली इमारत आहे. अंधार पडल्यावर तिच्या एकाच खिडकीत दिवा दिसतो. दार वाजवा. विनतानं पाठवलं म्हणून सांगू नका, पत्ता विचारायला आलो म्हणा. "आम्ही सगळे मजेत आहोत," असं तो सांगेल. तरी आत जा, आणि थोडा वेळ बसा त्याच्याजवळ.