मारबतीने नेलेला आवाज

शाळेत प्रार्थना मी सांगायची, आणि तेच शेजारच्या हर्षाला खुपायचं. मी तोंड उघडलं की ती आपल्या घोगऱ्या आवाजात माझी नक्कल करायची आणि अख्खी रांग खिदळायची. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "तृप्ती, तू लक्षच देऊ नको." आई म्हणाली, "तू काहून मनाले लावून घेतं?" जो तो मलाच शिकवायचा. हर्षाला कोणी एक शब्द बोललं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सानगडीत मारबत निघाली. गावाची ईडापीडा घेऊन जाणारा तो पुतळा शिवेबाहेर जाळतात. सगळे ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत." मीही ओरडले, "हर्षाचा आवाज घेऊन जा गे मारबत."

पुतळा पेटला तेव्हा थोडा धूर माझ्या घशात गेला.

दुसऱ्या दिवशी हर्षा रांगेत मुकी उभी होती. मला बरं वाटलं. मी प्रार्थना सुरू केली, आणि माझ्या तोंडून तिचा घोगरा आवाज निघाला. रांग खिदळली. मॅडम माझ्यावरच चिडल्या, "आता तूही नकला करतेस?"

हर्षा तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत ती नुसते ओठ हलवत होती.

शाळा सुटेपर्यंत मी बोललेच नाही. धावत घरी आले आणि दारातून हाक मारली, "आई."

चुलीपाशी बसलेली आई आतूनच म्हणाली, "बस हर्षा. तृप्ती येऊनच राहिली. रस्त्यानं गाणं म्हणत येऊन राहिली, तुले आयकू नाही येत का?"