मोहाखालची सही

"ही सही तुमची आहे का, मावशी?" पांढरकवड्याच्या कोर्टाबाहेर, टिनाच्या शेडखाली वकील दीपमालाने मोबाइल पुढे धरला.

स्क्रीनवर सहीसारखं काही नव्हतंच. रुक्माबाईचं नाव, तारीख आणि एक हिरवी खूण. वर लिहिलं होतं की मुलगा जीवन याने कपाशीवर फवारणी स्वतःच्या जबाबदारीवर केली, त्याच्या मृत्यूबद्दल औषधाच्या दुकानदारावर आमची तक्रार नाही.

"मी त कुठीच सही केली नाही," रुक्माबाई म्हणाली.

"फोनवर आलेला नंबर सांगितला की झाली सही. कायद्याने चालते ती."

शेजारी बसलेल्या भीमसिंगने, तिच्या दिराने, मान खाली घातली. त्यांच्या तांड्यात रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. सगळ्यांचे फोन तिथेच फांदीला पिशवीत टांगलेले. वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा आणि निरोप खाली ओरडून सांगायचा, ही तिथली रीतच. कायदा करणाऱ्यांनी असा तांडा कधी पाहिलेला नसावा.

"भाबीचा फोन वाजला, म्या उचलला. मदत भेटणार हाय म्हणे, आलेला नंबर सांगा म्हणे. म्या सांगून टाकला," भीमसिंग म्हणाला. "भाबी त तवा शुद्धीत नव्हती."

दीपमाला सावरून बसली. "म्हणजे यांना न विचारता? मग ही सही यांची नाहीच. केस उभी राहते." मग तिचा आवाज उतरला. "पण दुसऱ्याच्या नावाने सही करणं हा गुन्हा आहे, काका. तो तुमच्यावर येईल. तुरुंगही होऊ शकतो."

जीवनला भीमसिंगनेच खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. दवाखान्यातही त्यानेच उचलून नेलं होतं. तो वहिनीला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हळूच म्हणाला, होऊ दे, खरं ते सांग.

"मावशी, विचार करून बोला. फोनवर काय बोलणं झालं याचा पुरावा नाही. दुकानदाराला धरायचं तर सही तुमची नाही हे दाखवणं, हा एकच रस्ता आहे. तुम्ही यांना नंबर सांगायला सांगितलं होतं का?"

रुक्माबाईने दिराकडे पाहिलं.

"हो. मीच म्हणलं, सांग."

"मग ही सही तुमचीच ठरते. दुकानदार सुटला."

"माहीच हाय," रुक्माबाई म्हणाली. "पोरगाही माहाच होता."