मुक्या नळीचा सूर

"ऑर्गनच गेला, आता माझं काय काम पुढे?" असं म्हणत एस्तेरबाई नाताळच्या उपासनेला मुद्दाम शेवटच्या बाकावर बसल्या. चाळीस वर्षं त्यांनी वाजवलेला चर्चचा जुना ऑर्गन यंदा वाळवीनं खाल्ला होता.

त्या ऑर्गनची सगळ्यात उंच सुराची नळी पणजोबांच्या काळात बोटीतून उतरवतानाच चेपली होती. ती कधी वाजलीच नाही. म्हणून गीतात तो सूर आला, की अख्ख्या मंडळीनं बेंबीच्या देठापासून ओरडून तो भरून काढायचा, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

नव्या कीबोर्डवर पाळकांची नवी सून बसली होती. सगळे सूर कसे जागच्या जागी. एस्तेरबाईंनी नाक मुरडलं. तेवढ्यात तो उंच सूर आला. कीबोर्डनं तो चोख वाजवला, तरी दोनशे माणसं एकदम गर्जली! दचकून सुनेनं हातच उचलले.

"माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं, आमचंच," एस्तेरबाई हसत हसत पुढे आल्या. "सरक जरा."

पुढच्या कडव्यात तो सूर येताच त्यांनी बोट अलगद उचलून धरलं, आणि छप्पर दणाणलं.